दुसरा रगडा

'रगडा' हा शब्द आपल्या शाळेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पालकांसाठी सांगतो: फ्रंट रोल, बेडूकउड्या, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. पण मराठीत अंगाला तेल लावून रगडणे असाही एक प्रकार आहे. या दुसऱ्या रगड्याला आपल्या वेळापत्रकात आठवड्यातून अर्धा तास मिळावा, असे माझे मत आहे.

माझे बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या तंजावरला आहेत. २०२० च्या जानेवारीत तिथे सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन आली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. सुट्टीत मात्र माझ्या लक्षात राहिला तो तिथला शनिवार. त्या भागात जुन्या वळणाच्या घरांत पुरुषांनी शनिवारी आणि बायकांनी शुक्रवारी तेल लावून न्हाण्याची पद्धत आहे. तिळाचे तेल कोमट करायचे, टाळूपासून तळपायापर्यंत जिरवायचे, थोडा वेळ तसेच बसायचे आणि मग शिकेकाई लावून गरम पाण्याने अंघोळ. आपण दिवाळीत नरक चतुर्दशीला एकदा करतो ते हे लोक दर आठवड्याला करतात. त्यांची दिवाळीही त्याच पहाटेची असते, आणि त्या दिवशी भेटलेला माणूस आधी 'गंगास्नान झाले का?' असे विचारतो.

आमच्या ओळखीच्या एका आजोबांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात तिकडे गेले. त्यांची मराठी मला अर्धीच कळते, पण तेल लावण्याच्या बाबतीत त्यांचे नियम पक्के आहेत: हाडावर लांब हात फिरवायचा, सांध्यावर गोल, आणि न्हाऊन झाल्यावर दुपारी झोपायचे नाही. त्यांच्याकडूनच कळले की आपले 'तेल' जसे तिळापासून आले, तसेच तमिळमधले 'एण्णेय' हे 'एळ्' म्हणजे तीळ यावरून आले. 'नल्लेण्णेय', म्हणजे चांगले तेल, असे म्हटले की तिळाचेच समजायचे. दोन वेगळ्या भाषांनी सगळ्या तेलांना तिळाचे नाव दिले, याची मला गंमत वाटते.

याच गावात दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करत, आणि माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. त्यातली जनावरांची गोष्ट वाचून मला आपला तबेला आठवला. रपेटीनंतर घोड्याला खरारा होतो. फायरिंगनंतर रायफलला फुलथ्रू, चिंधी आणि तेल. कॅडेटला क्रॉस कंट्रीनंतर काय? अंघोळीची रांग, चहा आणि अभ्यासिका.

खरारा केवळ घोडा चमकावा म्हणून करत नाहीत. हात फिरवणाऱ्याला जखम, सूज किंवा गरम झालेला पाय लगेच कळतो, कारण घोडा काही बोलत नाही. या बाबतीत आपण घोड्यासारखेच आहोत. नडगी दुखते हे उस्तादांना सांगितले तर 'बहाणा करतो' असे कुणीतरी म्हणेल, किंवा परेडच्या तुकडीतून नाव जाईल, म्हणून कॅडेट गप्प राहतात. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच कित्येक दिवस पळत राहिला. एक्स-रे काढला तेव्हा हाडाला बारीक तडा निघाला आणि वार्षिक परेड त्याने खुर्चीवर बसून पाहिली. आठवड्यातून एकदा त्याने स्वतःच्या पायावरून अंगठा फिरवला असता तर त्याला आधी कळले असते. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे बहुधा ताणाचे असते. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली तर तिथे मालिश अजिबात करायची नाही, थेट एम. आय. रूम गाठायची.

मालिशबद्दल भलत्याच गोष्टीही सांगितल्या जातात. तिने लॅक्टिक आम्ल निघून जाते हे त्यातले एक. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालिश केली. मग दोन्ही पायांच्या स्नायूंचे कण तपासले. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता, पण मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते. मालिशमुळे कुणी जास्त वेगाने पळणार नाही. दुसऱ्या दिवशीचा ठणका थोडा कमी होतो, अंग सैल पडते, झोप लागते. लाइट्स आउटनंतर तासभर छताकडे बघत पडणाऱ्या नव्या मुलांसाठी एवढेही पुष्कळ आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात डोके, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे, आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये हेही. म्हणजे रविवारच्या पुरीभाजीनंतर लगेच नको.

आता सर्वात अवघड मुद्दा. वसतिगृहात 'मालिश' म्हटले की सीनियरचे पाय चेपणारा ज्युनियर डोळ्यांसमोर येतो. तालमीत पैलवान एकमेकांचे अंग रगडतात ते ठीक, तिथे वस्ताद समोर उभे असतात. आपल्याकडे रात्री दहानंतर वस्ताद नसतात. म्हणून माझा प्रस्ताव एका अटीवरच आहे: ज्याचे पाय त्याचेच हात. दुसऱ्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, बारावीच्या कॅडेटनेही नाही, आणि कुणी लावायला सांगितले तर ते रॅगिंग धरावे. त्या अर्ध्या तासात हाऊस मास्तर किंवा उस्ताद हाऊसमध्ये हजर असावेत. ही अट पाळता येणार नसेल तर तेलाची बाटली आणूच नये.

'हे लाड आहेत' असे म्हणणाऱ्यांना मी घोड्याचेच उत्तर देईन. मेट्रन मॅडमची चादरींबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे, त्यामुळे तेल लावायचे ते बाहेर ओट्यावर, जुन्या पीटीच्या चड्डीत. त्यानंतर न्हाणीघराची फरशी अशी निसरडी होते की मालिशपेक्षा तिथेच जास्त हाडे मोडतील. दारात गोणपाट टाकावे आणि ज्याची पाळी असेल त्याने शेवटी फरशी साबणाने घासावी. ती पाळीची यादी करायला मी तयार आहे.