खुलताबाद : निवांतपणाचे गाव

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, वेरूळच्या घाटमाथ्यावर खुलताबाद वसले आहे. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनेत आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांमुळे गावाची कीर्ती पसरली. मलिक अंबरची कबर इथेच आहे. १७०७ मध्ये अहिल्यानगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबालाही जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्याची कबर उघड्या आभाळाखाली आहे. वर छत नाही आणि मातीत सब्जाचे रोप वाढते. जवळच भद्रा मारुतीची शयनमूर्ती आहे. श्रावणातील शनिवारी शहरातून भाविक पायी येतात.

उंचीमुळे हवा शहरापेक्षा थंड, रस्ते शांत आणि देवदर्शन घराजवळ, म्हणून निवृत्तीनंतरच्या आयुष्याला हे गाव मानवणारे आहे. मात्र मोठ्या उपचारांसाठी शहर गाठावे लागते. सुसज्ज रुग्णालय, रात्रीची रुग्णवाहिका, सपाट पदपथ आणि सावलीतले बाक एवढी सोय झाली, तर ज्येष्ठांना इथे निर्धास्त राहता येईल. वारसा जपताना ही सोय करणे आवश्यक आहे.