आई जिवंत असताना अनाथ

मी ख्रिस्ती आहे, सेवेवर माझा विश्वास आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो: परदेशातल्या अनाथाश्रमात दोन आठवडे पोरं खेळवून, सेल्फी काढून परत येणं ही सेवा नाही.

हैतीचं उदाहरण घ्या. १२ जानेवारी २०१०ला तिथे भूकंप झाला. महिन्याच्या आत १० अमेरिकन बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुलं अनाथ आहेत, असं ते सांगत होते. पुढे कळलं, बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. पोराला शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, या आशेने त्यांनीच ती सोपवली होती.

गोम इथेच आहे. गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे. पण देणगी आश्रमाला मिळते, आईला नाही. पाहुणे वाढले की आश्रम वाढतात. आश्रम भरायला मुलं लागतात. आणि आपण मिठी मारून निघून आलो की त्या पोराला आणखी एक माणूस सोडून गेलेलं असतं.

‘हेतू तर चांगला होता ना?’ असं लोक म्हणतात. नुसता चांगला हेतू पुरत नाही, हे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ साली मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सुनावलं होतं.

विमानाच्या तिकिटाचे पैसे मुलांना घरीच ठेवायला मदत करणाऱ्या स्थानिक लोकांना द्या. फोटो मिळणार नाही. पण दानाचा गाजावाजा करू नये, ही शिकवण येशूचीच आहे.