पावसात आजी-आजोबांनाही बाहेर न्या

हनुकाच्या सुट्टीत इस्राएलच्या उत्तर भागात पाऊस बरेचदा गाठतोच. मग मुलेबाळे मॉलमध्ये जातात आणि आजी-आजोबांना "तुम्हाला थंडी बाधेल" म्हणून हीटरजवळ बसवून ठेवतात. माझ्या मते ही काळजी उलटी आहे.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, दाराबाहेर पाऊल टाकल्याने नव्हे. उलट, बसून बसून पायांतली ताकद ओसरते, तोल जातो आणि एक दिवस पडून खुब्याचे हाड मोडते. नर्स म्हणून असे रुग्ण मी पुष्कळ सांभाळले.

मॉलपेक्षा संग्रहालय बरे. हैफाला टेक्निऑनच्या जुन्या इमारतीत मदाटेक हे विज्ञान संग्रहालय आहे. तिथे मुले वस्तूंना हात लावून शिकतात. किनेरेत तलावाकाठी गिनोसारला यिगाल अलोन सेंटरमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची होडी ठेवली आहे. १९८६ साली दुष्काळात पाणी ओसरले तेव्हा ती चिखलात सापडली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कसे वाचले, ही गोष्ट आजीने नातवंडांना तिथेच सांगावी.

निघण्यापूर्वी फोन करून लिफ्ट, चाकाची खुर्ची आणि बसायची सोय विचारा. न घसरणारे बूट घाला, ओल्या फरशीवर हात धरा. गोळ्या आणि चहाचा थर्मास बरोबर असू द्या. थोडे चाला, थोडे बसा. ज्याला ताप-खोकला आहे, त्याने मात्र घरीच राहावे.

आणि मंडळी, आजी पहिल्यांदा "नको" म्हणाली, तर दुसऱ्यांदा जरूर विचारा.