मोफत गाणे आणि लपवलेली तहान



मे महिना लागला की आमच्या हिंगणघाटात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घरोघरी कूलर घरघरत असतात आणि दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, मुलांना सुट्या लागल्या, चार दिवस नागपूरला बहिणीकडे जातो. म्हाताऱ्या आईला न्यावे की घरीच ठेवावे?”

पूर्वी मी विचार न करता “घरीच ठेवा” असे सांगत असे. आता तसे सांगत नाही. मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत चार भिंतींत बसवून ठेवलेली वृद्ध माणसे मी दर जूनमध्ये तपासतो. पायांतली ताकद गेलेली, भूक मेलेली, दुपारभर झोप आणि रात्रभर जाग, बोलायला कोणी नाही म्हणून बोलणेही कमी झालेले. त्यांना ऊन लागलेले नसते. उन्हाच्या धाकाने त्यांची ही अवस्था झालेली असते. त्यांना संध्याकाळी बाहेर नेणे हा औषधोपचाराचाच भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

मोठे शहर म्हणजे मोठा खर्च, ही आपली समजूत. पाच जणांचे कुटुंब मॉलमध्ये किंवा वॉटर पार्कमध्ये गेले तर ती खरीही ठरते. पण त्याच शहरात पैसा न लागता ऐकायला मिणारे गाणे भरपूर असते, हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. १९८५-८६ च्या सुमारास देशात अशी सात केंद्रे उभी राहिली, त्यांपैकी हे एक. तेथे लोककलावंतांचे आणि शास्त्रीय गायकांचेही कार्यक्रम होतात आणि पुष्कळदा प्रवेशमूल्य नसते. चैत्रात पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेबरोबर वाद्यपथके निघतात. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला वस्त्यावस्त्यांतून भीमगीते व बुद्धगीते रंगतात. तिथले गायक कसलेले असतात आणि श्रोते त्यांहून जाणकार. ३० एप्रिल हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्मदिवस, ग्रामजयंतीचा. त्या दिवशी खंजिरीवरचे भजन ऐकायला तर नागपूरलाही जावे लागत नाही. मुलाकडे पुण्याला जाणार असाल, तर न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐन उन्हाळ्यातच असते. तिथे गाणे नसले, तरी सदनिकेत कोंडलेल्या आईवडिलांना चार समवयस्क भेटतात.

हे सारे शोधायचे कसे? मुक्कामी पोहोचलात की स्थानिक वृत्तपत्रातले शहराचे पान उघडा. ‘आजचे कार्यक्रम’ अशा मथळ्याखाली बारीक टाइपात सगळे असते. ‘प्रवेश विनामूल्य’ हे दोन शब्द शोधावेत. त्याखाली ‘काही जागा राखीव’ असेही असते. म्हणजे पुढचे सोफे आपले नव्हेत, एवढे समजावे.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आईला अशाच एका विनामूल्य भावगीतांच्या कार्यक्रमाला नागपूरला नेले होते. वेळ साडेसहाची होती. चांगली जागा मिळावी म्हणून आम्ही सव्वापाचलाच मैदानावर पोहोचलो. दिवसभर तापलेल्या फरशीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगते. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा पावणेआठ वाजले होते. आई रंगून ऐकत होती. मी दोनदा पाणी विचारले, दोन्ही वेळा तिने मान हलवली. तिसऱ्या गाण्यानंतर ती उठली आणि सरळ माझ्या अंगावर कोसळली.

शेजारच्या अनोळखी बाईंनी पदर भिजवून तिचे तोंड पुसले. मी तिचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले. दोन मिनिटांत ती शुद्धीवर आली. पिशवीतली पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती, तिचे झाकणही उघडलेले नव्हते. मी रागावलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “अरे, बाईमाणसानं जावं कुठी इथं? म्हनून दुपारपासून पानी पेलंच नाही.”

रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी मीच तिला दिलेली होती. तीस वर्षे लोकांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगणाऱ्या मला, बायका पाणी का पीत नाहीत हे विचारावेसे कधी वाटले नव्हते.

वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी कमी पडले तरी घसा कोरडा वाटेलच असे नाही. त्यात गोळीमुळे पाणी बाहेर टाकले जाते आणि उष्म्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. असा माणूस एकदम उभा राहिला की मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर अपुरे पडते. म्हणून वृद्धांना बाहेर नेताना पहिला प्रश्न ‘कोण गाणार आहे’ हा नसावा, ‘स्वच्छतागृह कोठे आहे’ हा असावा. यजमानांना आधी विचारून घ्या. पोहोचल्यावर आईला, सासूबाईंना, आत्याबाईंना ती जागा प्रत्यक्ष दाखवून आणा आणि खुर्ची तिच्या जवळची, कडेची घ्या. ते एकदा पाहिले की बाई निर्धास्तपणे पाणी पिते, हा माझा अनुभव आहे. पाणी सकाळपासूनच थोडे थोडे जावे. निघण्याच्या दोन तास आधी एक पेला, निघताना लघवीला जाऊन येणे. ताक, पन्हे उत्तम. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी मात्र मनाने बंद करू नये. ती कोणत्या वेळी घ्यावी एवढे विचारावे.

मैदानावर लवकर जाऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि डांबर, फरशी त्यानंतरही तास-दोन तास उष्णता ओकत राहते. सभागृह किंवा हिरवळ बरी. उशिरा गेलात तर फार तर सत्कार चुकतील. शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर ध्वनिक्षेपकापासून दूर सरका. लहान मुलांच्या कानांसाठी हे अधिक महत्त्वाचे.

एक धोका मात्र वेगळा ओळखावा. अंग तव्यासारखे तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्धीत नाही, तर ती साधी भोवळ नव्हे, उष्माघात आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत निजवून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, काखेत व जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

त्या संध्याकाळनंतर आई पुन्हा कार्यक्रमाला येईल असे मला वाटले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात तिनेच विषय काढला. या वेळी सभागृह होते. माझी पत्नी तिला आधी आत नेऊन सगळे दाखवून आली. जागेवर बसल्यावर आईने स्वतःच बाटली मागितली, अर्धी संपवली आणि शेजारी बसलेल्या एका आजींपुढे धरून म्हणाली, “घ्या बाई, पेऊन घ्या. मागच्या दाराशी आहे इथं, नळालेही पानी आहे.”