विश्लेषण : हजार शब्द पाठ, तरी उताऱ्यात गुण का अडकतात? परदेशी प्रवेशाच्या इंग्रजी चाचण्यांत नेमके काय बदलले?

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरून कॉलेज रोडला आणि तिथून गंगापूर रोडला निघाले, की आयईएलटीएस, टोफेल, जीआरईच्या क्लासच्या पाट्या दिसू लागतात. तिथे जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये शब्द पाठ करण्याचे एखादे ॲप असते. रोज 30 शब्द, महिन्याला 900. तरीही सराव चाचणीत घोडे अडते ते वाचनाच्या विभागात. त्यातच टोफेलने 21 जानेवारी 2026 पासून परीक्षेचे स्वरूप बदलले. या चाचण्या आता नेमके काय तपासतात, त्या का बदलत गेल्या आणि या बदलांशी चीनमधील विद्यार्थ्यांचा काय संबंध आहे, याविषयी...

टोफेलमध्ये काय बदलले?

वाचन आणि श्रवण हे दोन्ही विभाग आता ‘ॲडॅप्टिव्ह’ झाले आहेत. म्हणजे पहिल्या टप्प्यात विद्यार्थी कसा चालतो, त्यावर दुसऱ्या टप्प्यातील प्रश्नांची काठिण्यपातळी ठरते. गुणपत्रिकेवर 0 ते 120 ऐवजी 1 ते 6 ही नवी श्रेणी आली असून संक्रमणाच्या काळात जुन्या पद्धतीचे गुणही सोबत दिले जाणार आहेत.

वाचनाच्या विभागात पूर्वी केवळ लांबलचक शैक्षणिक उतारे असत. आता तीन प्रकार आहेत. एक, छोटा शैक्षणिक उतारा. दोन, रोजच्या जगण्यातला मजकूर, म्हणजे ईमेल, सूचनाफलक, मेनू वगैरे. तिसरा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोडे वाटेल : परिच्छेदातील काही शब्दांची शेवटची अक्षरे गायब असतात आणि ती भरायची असतात. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत 1981 मध्ये अशा चाचण्यांची मांडणी झाली, तेव्हापासून त्यांना ‘सी-टेस्ट’ म्हणतात. तिथे शब्दाचा अर्थ माहीत असून भागत नाही. वाक्याचा काळ, कर्ता, मागच्या ओळीतील संदर्भ हे सगळे एकाच वेळी डोक्यात असावे लागते. शब्दांच्या यादीत ‘डिराइव्ह’ आणि त्यासमोर अर्थ असे पाठ केलेल्याला परिच्छेदात ‘डिराइव्ह्ड’ हवे की ‘डेरिव्हेशन’, हे यादी सांगत नाही.

चीनचा इथे काय संबंध?

परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजी चाचण्या आज ज्या रूपात आहेत, त्यामागे चीनमधील परीक्षार्थींचा मोठा वाटा आहे. टोफेल चीनमध्ये 1981 मध्ये सुरू झाली. अमेरिकेत शिकायला जायचे तर ही परीक्षा आणि जीआरई पार करणे भाग होते, आणि पुस्तक पाठ करण्याची परंपरा तिथे आपल्यापेक्षाही जुनी. बीजिंगमध्ये 1993 मध्ये यू मिनहोंग यांनी ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणी संस्था काढली. त्यांचे जीआरई शब्दांचे जाडजूड पुस्तक ‘लाल पुस्तक’ म्हणून चीनभर पोहोचले. वर्णानुक्रमे लावलेल्या अशा बऱ्याच पुस्तकांत ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे, हा शब्द अगदी सुरुवातीला येतो. तिथेच अभ्यास सोडून देणाऱ्यांवर चीनमध्ये पिढ्यान् पिढ्या विनोद होत आले आहेत.

शब्दांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली. चिनी भाषेत तिला ‘जीजिंग’ म्हणतात. जी म्हणजे यंत्र, जिंग म्हणजे पोथी. संगणकावर परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवतील ते प्रश्न लिहून काढायचे आणि पुढच्यांनी ते पाठ करायचे. आपल्याकडच्या ‘21 अपेक्षित’चे हे भावंडच, फरक इतकाच की इथे प्रश्न अंदाजाने काढलेले नसत, प्रत्यक्ष विचारलेले असत. मर्यादित प्रश्नपेढीतून तेच प्रश्न पुन्हा येत असल्याने पोथी फळायची.

याचा स्फोट 2002 मध्ये झाला. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतील ‘ईटीएस’ या संस्थेने ऑगस्टमध्ये विद्यापीठांना कळवले, की चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात जीआरईचे प्रश्न संकेतस्थळांवर फिरत आहेत. त्या वेळच्या 200 ते 800 या श्रेणीत चीनमधील ‘व्हर्बल’ची सरासरी सुमारे 100 गुणांनी फुगल्याचे आढळले होते. या देशांत संगणकीय परीक्षा थांबवून पुन्हा कागदावरची परीक्षा आणावी लागली. दुसरीकडे ईटीएसने प्रश्नपत्रिकांच्या स्वामित्वहक्कावरून न्यू ओरिएंटलला बीजिंगच्या न्यायालयात खेचले आणि 2003 मध्ये निकाल ईटीएसच्या बाजूने लागला.

यात सर्वाधिक भरडला गेला तो प्रामाणिकपणे अभ्यास केलेला विद्यार्थी. त्याच्या चांगल्या गुणांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. आणि विद्यापीठांपुढचा प्रश्न फसवणुकीपेक्षा मोठा होता. ज्याने खरोखरच दहा हजार शब्द घोकले, त्याने कोणतीही चोरी केलेली नव्हती. पण म्हणून तो आठवड्याला दोनशे पाने वाचू शकेल, असे त्याच्या गुणांवरून सांगता येत नव्हते.

मग घोकंपट्टीचे प्रश्न हटवले का?

हळूहळू, हो. अमेरिकेतील पदवी प्रवेशाच्या एसएटीने 2005 मध्ये शब्दजोड्यांच्या साम्याचे प्रश्न काढले आणि 2016 मध्ये सहसा न भेटणारे अवघड शब्द विचारणे थांबवले. जीआरईने ऑगस्ट 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्य हे दोन्ही प्रकार बाद केले. त्याच वर्षी श्रेणी 130 ते 170 झाली. सप्टेंबर 2023 पासून जीआरई दोन तासांच्या आत आटोपते आणि त्यात व्हर्बलचे 27 प्रश्न 41 मिनिटांत सोडवायचे असतात. डिजिटल एसएटीत आता एका लहान उताऱ्यावर एकच प्रश्न असतो.

म्हणजे शब्दसंग्रह तपासणे बंद झालेले नाही. तो आता उताऱ्याच्या आतून तपासला जातो. सुटा शब्द देऊन अर्थ विचारण्याचे दिवस गेले, पण ॲप आणि शिकवण्या बऱ्याच अंशी अजून त्याच दिवसांसाठी तयारी करून घेत आहेत. बंद झालेल्या नाण्यांची थैली भरण्यासारखेच हे.

नाशिकच्या विद्यार्थ्याचे नेमके कुठे अडते?

जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहिला की उत्तर सापडते. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. त्यामुळे ‘फोटोसिंथेसिस’, ‘हायपोटेन्यूज’, ‘रेझिस्टन्स’ हे शब्द तोंडपाठ. पण इतिहास, समाज, राजकारण यांवरचे वाद-प्रतिवाद इंग्रजीतून वाचण्याची वेळ येत नाही. ‘ऑलबीट’, ‘नॉनदलेस’, ‘व्हेअरॲज’ हे जोडशब्द विज्ञानाच्या पुस्तकात क्वचित भेटतात आणि चाचणीच्या उताऱ्यात सगळा अर्थ नेमका त्यांच्यावर फिरतो.

बारावीच्या इंग्रजीत 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी परीक्षा असते. लेखीत एक उतारा पाठ्यपुस्तकातला म्हणजे आधी वाचलेला, मार्गदर्शकात उत्तरांसह सोडवलेला. खरे वाचन होते ते बाहेरच्या उताऱ्यापुरते. त्यानंतर अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आहे, इंग्रजी नाही. पदवीची चार वर्षे पुस्तके इंग्रजी असली तरी वाचन सूत्रे, आकृत्या आणि नोट्स यांच्याभोवतीच राहते. मग सातव्या सत्रात जीआरई किंवा आयईएलटीएसचा फॉर्म भरला जातो आणि तीन महिन्यांत हे अंतर शब्दांच्या यादीने भरून काढण्याचा प्रयत्न होतो.

चीनमधील विद्यार्थ्याची अडचण थोडी वेगळी आहे. तिथे गाओकाओ या प्रवेश परीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीला असतात, त्यामुळे वाचनाचा सराव मुबलक. तो अडखळतो बोलताना. नाशिकचा विद्यार्थी मोडकेतोडके का होईना बोलून जातो, कारण कानावर इंग्रजी पडत असते. आणि गोम इथेच आहे.

ओळखीचे शब्दच दगा देतात!

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द मदतीला येतात तसे आडवेही येतात. ‘कर्ज सँक्शन झाले’ हे ऐकत मोठा झालेला विद्यार्थी ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी असे धरून चालतो. आंतरराष्ट्रीय राजकारणावरच्या उताऱ्यात तोच शब्द निर्बंधासाठी येतो आणि संपूर्ण परिच्छेदाचा अर्थ उलटा लागतो. ‘सर, एक डाउट आहे’ यातला डाउट म्हणजे साधी शंका, न कळलेली गोष्ट. उताऱ्यात एखाद्या संशोधकाने ‘डाउट’ व्यक्त केला, तर त्याला निष्कर्षच पटलेला नसतो. सर्वांत महागात पडणारा शब्द ‘क्वालिफाय’. आपल्याकडे क्वालिफाय होणे म्हणजे पात्र ठरणे. जीआरईच्या उताऱ्यात लेखक स्वतःचे विधान ‘क्वालिफाय’ करतो, तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे भक्कम नव्हे, अटींसह दिलेला पाठिंबा.

हे शब्द कोणत्याही यादीत अवघड म्हणून येत नाहीत. विद्यार्थ्याला ते येतात, असे त्याला आणि शिकवणाऱ्यालाही वाटत असते.

आयईएलटीएसमध्ये अशीच फसगत ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारात होते. समजा, उताऱ्यात असे आहे : ‘गावातील काही शेतकऱ्यांनी द्राक्षबागा काढून डाळिंब लावले. पाण्याची टंचाई हे त्यामागचे एक कारण होते.’ (उदाहरण समजावण्यापुरते.) आता विधान आले, ‘पाणीटंचाई हेच बदलामागचे एकमेव कारण होते’. हे चूक, कारण उतारा ‘एक कारण’ म्हणतो. दुसरे विधान, ‘द्राक्षातील नफा घटल्यामुळे शेतकरी डाळिंबाकडे वळले’. निफाड-दिंडोरीच्या मुलाला हे शंभर टक्के खरे वाटेल, घरी तेच पाहिलेले असते. पण उताऱ्यात नफ्याचा उल्लेख नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’. इथे शब्द एकही अवघड नाही. बाहेरचे ज्ञान बाजूला ठेवून समोरचा मजकूर काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, एवढेच तपासले जाते. बारावीपर्यंत उताऱ्यात उत्तर असतेच, या सवयीने वाढलेल्याला ‘उत्तर इथे नाही’ असे लिहायला धीर होत नाही.

शब्द किती लागतात?

न्यूझीलंडमधील भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कोणाच्या मदतीशिवाय इंग्रजी मजकूर वाचून समजायचा तर त्यातील 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी 8 ते 9 हजार शब्दकुले लागतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे. आकडा घाबरवणारा आहे, पण गणित मांडून पाहावे. आयईएलटीएस ॲकॅडमिकच्या तीन उताऱ्यांत मिळून 2,150 ते 2,750 शब्द असतात. 98 टक्के येत असतील तर सुमारे 50 शब्द अनोळखी राहतात, संदर्भाने निभावता येतात. 95 टक्केच येत असतील तर अनोळखी शब्द शंभरच्या पुढे जातात, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या ओळीला ठेच.

वेळेचेही तसेच. 60 मिनिटे, 40 प्रश्न. मिनिटाला 150 शब्द वाचणाऱ्याचे नुसते वाचन साधारण 17 मिनिटांत होते. मिनिटाला 100 शब्द वाचणाऱ्याला 25 मिनिटे लागतात आणि 40 प्रश्नांना 35 मिनिटे उरतात. त्यामुळे वेग हीसुद्धा शब्दसंग्रहाइतकीच कमवायची गोष्ट आहे, आणि ती यादीतून येत नाही.

यादी करायचीच असेल तर कोणती? एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. ‘अझ्यूम’, ‘कॉन्टेक्स्ट’, ‘सिग्निफिकंट’ असे त्यातले शब्द. दिसायला साधे, पण उताऱ्याचा सांगाडा त्यांचाच. दुर्मीळ हजार शब्दांआधी या 570चा नंबर लागतो.

आत्ताच हे महत्त्वाचे का?

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकले आहे. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार 2023-24 मध्ये भारताचे 3,31,602 आणि चीनचे 2,77,398 विद्यार्थी तिथे होते. पुढच्या वर्षी भारताचा आकडा 3,63,019 वर गेला, चीनचा 2,65,919 वर उतरला. वीस वर्षांपूर्वी चिनी गुणपत्रिकांकडे ज्या बारकाईने पाहिले गेले, त्याच नजरेच्या टप्प्यात आता भारतीय अर्ज आहेत. कॅनडाने तर झटपट व्हिसाची ‘एसडीएस’ योजना नोव्हेंबर 2024 मध्ये बंद केली. चाचणीत 6 बँड मिळवून त्या मार्गाने जाता येत असे.

पैशांचा हिशेबही लहान नाही. आयईएलटीएसचे शुल्क सुमारे 18 हजार रुपये आहे. केवळ वाचनात बँड घसरला असेल तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना भारतात 2023 पासून तो एकच विभाग 60 दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, मात्र संबंधित विद्यापीठ असे गुण स्वीकारते का, हे आधी पाहावे लागते. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे, जीआरईचे पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. अमेरिकेतील अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. म्हणजे 2027 च्या ऑगस्टमध्ये वर्गात बसायचे असेल, तर चाचणी 2026 च्या दिवाळीआधी झालेली बरी.