लसीची नोंद : मानक, कसोटी आणि आपण

इंदूरच्या मराठी घरांतून पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अद्याप टिकून आहे. मूल जळगावला किंवा नाशिकला जन्मास येते. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत द्यावयाची हिपॅटायटिस-बीची लस तेथेच होते. सहा आठवड्यांच्या लसींसाठी मात्र तेच मूल आपल्या दवाखान्यात येते, आणि कार्ड पुष्कळदा आजोळीच राहिलेले असते. बालकाची आरोग्यनोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका संगणकातून दुसऱ्या संगणकात सुखरूप पोहोचली पाहिजे, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. ती सुखरूप पोहोचते की नाही, हे तपासण्याची जबाबदारी केवळ संगणकतज्ज्ञांची नसून आपली, म्हणजे डॉक्टरांचीही आहे, हे मला या लेखात मांडावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके 2013 मध्ये जाहीर केली व 2016 मध्ये ती सुधारली. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ 27 सप्टेंबर 2021 रोजी झाला आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घरोघरी परिचित झाला. या योजनेत नोंदींची देवाणघेवाण ‘फायर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. आरोग्यमाहितीची मानके घडविणाऱ्या एचएल-सेव्हन या 1987 साली स्थापन झालेल्या संस्थेत ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी 2011 मध्ये ‘फायर’ची कल्पना मांडली. भारतात वापरली जाणारी त्याची चौथी आवृत्ती 2018 च्या अखेरीस आली. भारतीय गरजांनुसार तिचे नमुने बसविण्याचे काम पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्राने केले आहे. त्यांत औषधचिठ्ठी, डिस्चार्ज समरी आणि लसीकरण यांचे स्वतंत्र नमुने आहेत.

संगणकांच्या या संभाषणाला एपीआय म्हणतात. कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा आणि उत्तर कोणत्या साच्यात यावे, याचा लेखी करार म्हणजे त्याचे विनिर्देशपत्र. पॅथॉलॉजीच्या छापील मागणीपत्रासारखेच हे आहे. रकाने ठरलेले असतात, काही भरणे सक्तीचे असते, काही ऐच्छिक. कराराप्रमाणे वागतो की नाही, हे संगणकालाच विचारता येते, ही यातील मौजेची गोष्ट आहे. ‘फायर’ बोलणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने ‘मी काय काय करू शकतो’ याचे निवेदन मागताक्षणी दिले पाहिजे, असा नियम आहे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कर्ल’ हा छोटा प्रोग्राम कमांड लाइनवर, म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ टंकून, चालविला की ते निवेदन समोर येते.

याहून उपयुक्त साधन म्हणजे एचएल-सेव्हनचा ‘व्हॅलिडेटर’. हाही कमांड लाइनवर चालतो आणि विनामूल्य मिळतो. एका ओळीत नोंदीची फाइल, मानकाची आवृत्ती आणि हवा असल्यास भारतीय नमुन्यांचा संच सांगावा. तो नोंदीचा प्रत्येक रकाना मानकाशी ताडून पाहतो आणि चुका, इशारे व माहिती अशा प्रतवारीने अहवाल देतो. सक्तीचा रकाना रिकामा आहे, तारखेचे स्वरूप चुकले आहे, लसीचा संकेतांक यादीत नाही, अशा गोष्टी क्षणार्धात उघड होतात. ‘आमचे सॉफ्टवेअर पूर्णपणे मानकानुसार आहे’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा त्या विधानाचा पुरावा मागण्याची सोय या साधनाने करून दिली आहे. रक्ताचा अहवाल पाहिल्याशिवाय आपण हिमोग्लोबिन ‘चांगले आहे’ असे म्हणत नाही. येथे मात्र विक्रेत्याच्या शब्दावर आपण विसंबतो, हे मला अनुचित वाटते.

तथापि या साधनाची मर्यादा ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. व्हॅलिडेटर साचा तपासतो, अर्थ तपासत नाही. नवजात बालकाचे वजन 3200 ग्रॅमऐवजी 3200 किलोग्रॅम असे नोंदविले, तरी मूळ मानकाला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण किलोग्रॅम हे मान्य एकक आहे आणि वजनाला कमाल मर्यादा घातलेली नाही. लस दिल्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची असली, तरी दोन्ही तारखा आपापल्या रकान्यात निर्दोषच ठरतात. जन्मतारीख म्हणून केवळ वर्ष लिहिलेलेही चालते. प्रौढांच्या नोंदीत ते खपून जाईल. ज्या शास्त्रात पहिले चोवीस तास आणि सहावा, दहावा, चौदावा आठवडा मोजावा लागतो, तेथे कसे चालेल?

सर्वांत गंभीर उदाहरण लसीच्या नोंदीतच आहे. ‘फायर’मधील लसीकरणाच्या नोंदीला एक स्थितिदर्शक रकाना असतो. त्यात तीन मूल्ये संभवतात : लस दिली, लस दिली नाही, आणि नोंदच चुकून झाली. म्हणजे ताप होता म्हणून पेंटाव्हॅलंट पुढे ढकलली, तर त्याचीही ‘लसीकरणाची नोंद’च तयार होते. तो रकाना न वाचता नुसत्या नोंदी मोजणारा प्रोग्राम त्या मुलाला डोस मिळाला असे सांगेल. पाठविणाऱ्याची नोंद निर्दोष, व्हॅलिडेटरचा शेरा निर्दोष, आणि मूल मात्र घटसर्प व डांग्या खोकल्यापासून असुरक्षित! नोंद लिहिण्याची कसोटी घेतली, पण ती वाचण्याची कसोटी कोणी घेतलीच नाही, असा हा प्रकार होतो.

आपल्याकडील चालीरीतींचेही प्रश्न आहेत. बारसे होईपर्यंत बालकाला नाव नसते, पण पहिल्या लसी त्याआधीच झालेल्या असतात. आईच्या नावाने झालेली ती नोंद पुढे ‘अथर्व’ किंवा ‘सई’ या नावाच्या नोंदीला जोडली जाते का? जुळ्यांची आई एक, जन्मतारीख एक. मानकात जन्मक्रमाचा रकाना आहे, पण मूळ मानकात तो ऐच्छिक आहे. लसीचा बॅच क्रमांकही तेथे ऐच्छिकच आहे. लसीनंतर काही विपरीत घडले, तर आपण प्रथम त्याच क्रमांकाचा शोध घेतो. मानक लिहिणाऱ्यांचा हा दोष नव्हे. जगभराच्या सोयीसाठी त्यांनी अटी सैल ठेवल्या. त्या कोठे आवळावयाच्या, हे सांगणे बालरोगतज्ज्ञाचे काम आहे.

‘हे सारे संगणकवाल्यांचे क्षेत्र आहे, रुग्ण तपासून आम्हांला उसंत कुठली?’ असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टराने काळ्या पडद्यावर ओळी टंकीत बसावे, असे मी म्हणणार नाही. परंतु क्ष-किरण यंत्र दुरुस्त करता येत नाही म्हणून आपण क्ष-किरणाच्या चित्राचा दर्जा पाहावयाचे सोडत नाही. यंत्र चालविणारा निराळा असला, तरी काय तपासावयाचे हे चिकित्सकानेच ठरवावयाचे असते.

म्हणून आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवितो. पहिली, सदस्यांनी सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून व्हॅलिडेटरचा लेखी अहवाल मागावा. एकट्याने मागितल्यास टोलवाटोलवी होते, मंडळाने मागितल्यास होणार नाही. दुसरी, आपण वीस-पंचवीस काल्पनिक बालकांच्या कसोटी-नोंदी तयार कराव्यात : बारशाआधीचे बालक, जुळी, अपुऱ्या दिवसांचे बाळ, डोस पुढे ढकललेले मूल, माहेरी जन्मून इंदूरला आलेले मूल. प्रत्येक सॉफ्टवेअरने त्या नोंदी लिहून आणि वाचूनही दाखवाव्यात. या कामी खऱ्या रुग्णाची नोंद कदापि वापरू नये, कारण व्हॅलिडेटर संकेतांक पडताळण्यासाठी बाहेरच्या सर्व्हरचीही मदत घेतो. तिसरी, या कसोटीत जे उणे आढळेल ते पुण्याच्या केंद्राला लेखी कळवावे.

आपल्या समाजात संगणकशास्त्र शिकलेली मुले-मुली घरोघरी आहेत. एका रविवारी चार तरुण अभियंते आणि चार डॉक्टर एकत्र बसले, तर या कामाचा आरंभ होऊ शकेल. त्याला निधी लागत नाही, इमारतही लागत नाही. लस शीतपेटीतून निघून बालकाच्या दंडापर्यंत योग्य तापमानात पोहोचावी, यासाठी आपण जी दक्षता घेतो, तीच त्या लसीच्या नोंदीविषयी घेतली पाहिजे. कारण पुढचा डॉक्टर डोस द्यावयाचा की नाही, हे त्या नोंदीवरूनच ठरविणार आहे.