गावाची छावणी होऊ देऊ नका!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 'शिंदे की छावनी' या नावाची एक वस्ती आहे. नाव छावणीचे, पण तेथे आज ना तंबू आहेत, ना घोड्यांच्या पागा. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. उद्या उपटावयाच्या म्हणून ठोकलेल्या मेखा तेथे रुजल्या. वाडे उठले, पेठा वसल्या, देवळे उभी राहिली. फौज गेली, संस्थान गेले, शहर राहिले.

मराठ्यांच्या त्या उत्तरेकडील पसाऱ्यात समुद्रकाठच्या गावांनी किती माणसे घातली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. भट पेशवे श्रीवर्धनचे. महादजी शिंद्यांशी ज्यांनी आयुष्यभर कधी स्नेहाचा, कधी डावपेचाचा पत्रव्यवहार केला, त्या नाना फडणविसांचे भानू घराणे वेळासचे. 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरात जिने देह ठेवला, त्या झाशीच्या राणीचे सासर नेवाळकरांचे. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील कोट. तलवार, लेखणी, हिशेब आणि मुत्सद्देगिरी हे सारे किनाऱ्याने देशावर पाठविले, देशाने ते उत्तरेस नेले. छावणीचे शहर झाले. परंतु ज्या गावांनी ही माणसे दिली, त्या गावांचे पुढे काय झाले?

त्या गावांच्या छावण्या झाल्या!

हे शब्द आम्ही अलंकारासाठी वापरीत नाही. गणेशचतुर्थीला किंवा शिमग्याला कोकणातल्या कोणत्याही वाडीत जाऊन पाहावे. अंगणे सारवलेली, दारात गाड्या, आरत्यांचा गजर, पालखीपुढे तरुणांची दाटी. आणि पंधरा दिवसांनी त्याच वाडीत जावे. दहांपैकी किती दारांना कुलूप आहे ते मोजावे, आणि उघड्या दारांतून कोण डोकावते तेही पाहावे. सणापुरता तळ पडतो, सण संपला की तळ उठतो. यालाच छावणी म्हणतात.

खानेसुमारीचे आकडे याची साक्ष देतात. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 साली ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. ना युद्ध, ना दुष्काळ, ना महामारी. तरीही या दोन जिल्ह्यांतून लाखाहून अधिक माणसे उणी झाली. रत्नागिरीत त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. स्त्रियांचा हा आकडा वाचून कोणी संतोष मानू नये. तो गावातून निघून गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे.

मुंबईच्या गिरण्यांनी शंभर वर्षे कोकणची चूल पेटती ठेवली, हे खरे. परंतु मनीऑर्डरीवर पेटलेली चूल ही मनीऑर्डरीबरोबरच विझते. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. पण गिरणगावात गेलेला माणूस गावी परतला नाही, कारण परतण्याजोगे गावात काही उरले नव्हते. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा आता कोकण गजबजणार असे सर्वांनी म्हटले. आम्हीही म्हटले. गाडी आली, तिचे स्वागतच आहे. परंतु रेल्वेची पट्टी दोन्ही दिशांना जाते. गावात काम नसेल, तर तीच गाडी उरलेल्यांनाही उचलून नेते.

मग कोकणात काम नाही काय? आहे, आणि येथेच खरी विटंबना आहे. आंब्याच्या बागांची राखण करावयास नेपाळहून माणसे येतात, मच्छिमारी नौकांवर परमुलखातले खलाशी राबतात. आणि वाडीतला मुलगा पनवेल-डोंबिवलीकडे दहा बाय दहाच्या खोलीत राहून परक्याच्या दुकानात उभा असतो. काम गावात आहे; पण त्या कामाचे मोल गावात ठरत नाही आणि गावात राहत नाही. आमच्या मते साऱ्या दुखण्याचे मूळ ते हेच.

हापूस पाहा. 2018 साली त्याला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. पण हंगामाआधी दलालाची उचल घेतलेला बागायतदार पेटी भरून वाशीस पाठवितो आणि त्याच्या घामाचा भाव त्याला मागाहून कळतो. काजू पाहा. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या नामांकित जाती दिल्या. बी विकली जाते, पण बोंडू बागेतच कुजतो. पलीकडच्या गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते, आणि 2009 साली तिनेही तो मान मिळविला. एकाच झाडाचे तेच फळ हद्दीच्या अलीकडे खत आणि पलीकडे धन! दोष फळाचा नव्हे.

आणि मासळी पाहा. रापण हा किनाऱ्याचा जुना सहकार होता. जाळे सर्वांचे, दोर ओढणारे हात सर्वांचे आणि बांगड्याचा वाटाही सर्वांचा. जो हात लावील त्याला वाटा मिळे. पर्ससीनचे जाळे अख्खा थवा एका घेरात उचलते आणि वाटा एका मालकाच्या घरी जातो. 2016 साली महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. 2017 साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. 2021 साली 1981 च्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. कागद उत्तम आहे. परंतु रात्री समुद्रावर दिव्यांची रांग दिसते ती कागदाने विझत नाही. गस्तीची नौका वेळेवर पोचली पाहिजे. कायदा किनाऱ्यावर उभा आणि लूट समुद्रात चालू, हा देखावा मालवणच्या गाबिताने किती वर्षे पाहावयाचा?

सरकारला किनारा दिसत नाही असे नाही. तो फार मोठ्या आकड्यांत दिसतो. वाढवण बंदरासाठी 76 हजार कोटींहून अधिक रुपयांची योजना 2024 साली मंजूर झाली. दाभोळ, जैतापूर, नाणार, बारसू ही नावे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गाजली ती याच मोठ्या आकड्यांमुळे. उद्योग नकोत असे आम्ही म्हणत नाही. उद्योगाशिवाय पोट भरत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, किनाऱ्याचा विकास आणि किनाऱ्यावरच्या माणसाचा विकास या दोन गोष्टी एकच आहेत, असे कोणी ठरविले? कारवारकरांना विचारा. 'सीबर्ड' नाविक तळाची कोनशिला 1986 साली बसली. देशाच्या संरक्षणासाठी हजारो कुटुंबांनी घर, शेत आणि जाळी वाळविण्याची पुळण दिली. राष्ट्रासाठी दिलेल्या त्या दानाचे मोल मिळविण्यासाठी त्यांना पुढे दशकानुदशके कज्जे लढावे लागले. आणि 2020 च्या जानेवारीत बंदरविस्तारासाठी उरल्यासुरल्या पुळणीवर घाला येताच त्याच कारवारच्या मच्छिमार बायाबापड्या रस्त्यावर आल्या. त्या विकासाच्या वैरी नव्हत्या. एकदा दिलेल्याचा हिशेब न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा देताना विचार करतो, एवढेच.

मग मार्ग कोणता? तो वेळासने दाखविला आहे. होय, नाना फडणविसांच्याच वेळासने! मंडणगड तालुक्यातील या गावी समुद्रकासव अंडी घालावयास येते. पूर्वी ती अंडी उकरून विकली जात. 2002 पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने ती राखावयास आरंभ केला. अंडी कुंपणात जपावयाची, सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले बाहेर आली की समुद्रात सोडावयाची. 2006 पासून त्याचा कासव महोत्सव झाला. लोक पाहावयास येऊ लागले. ते राहिले कोठे? आलिशान हॉटेलात नव्हे, गावकऱ्यांच्या घरी. जेवले ते गावातल्या बाईच्या हातचे. पैसा गावात आला आणि गावात राहिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या भगिनी पाहुण्यांना स्वतः होडीतून कांदळवन दाखवितात. वल्हे त्यांच्या हाती, गल्लाही त्यांच्याच हाती.

एका वेळासने जिल्हा जगणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पाहुणा हंगामी असतो. आणि 2020 च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळींची जी धूळधाण केली, तसे एखादे वादळ हंगामही बुडवू शकते. परंतु वेळासने दिले ते उत्पन्नाहून मोठे आहे. त्याने एक कसोटी दिली. कोणतीही योजना येवो, तिला एकच प्रश्न विचारावा : हिने गावातली किती कुलपे उघडतील?

या कसोटीने आमच्या मागण्या अशा. पहिली, बंदी केवळ आदेशात नको, समुद्रात दिसू द्या. जिल्ह्याजिल्ह्यात पुरेशा गस्ती नौका द्या आणि पकडलेल्यांवर कारवाई करा. दुसरी, लहान लहान बंदरांवर बर्फ, शीतगृह आणि मासे सुकविण्याचे ओटे बांधा आणि ते मच्छिमारांच्या सोसायट्यांच्या ताब्यात द्या. त्यांत मासळी विकणाऱ्या भगिनींना हक्काची जागा असू द्या. बर्फ ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. तिसरी, काजू, बोंडू, कोकम आणि आंबा यांवरची प्रक्रिया तालुक्यातच व्हावी. चौथी सर्वांत निकडीची. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला तीस-चाळीस नावे. कोणी मुंबईत, कोणी परदेशी, कोणी परलोकी! संमतीवाचून घर दुरुस्त होत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि मग जमिनीचा दलाल मात्र बरोबर एकेकाची सही गोळा करतो. सरकारने गावोगाव शिबिरे भरवून या वाटण्या सामोपचाराने मिटवाव्यात, आणि कोळीवाड्यांच्या सीमा आखून घराखालची जमीन घरवाल्याच्या नावे करावी.

सीमाभागातील वाचक म्हणतील, हे समुद्राचे गाऱ्हाणे आम्हांस कशाला? बांधवहो, एके काळी बेळगावचे बंदर वेंगुर्ले होते. घाट उतरून कापसाच्या गाड्या तेथे जात. 1880 च्या दशकात मार्मागोव्यास आगगाडी पोचली आणि व्यापार तिकडे वळला. वेंगुर्ल्याची रया गेली. पण घाट अजून तेथेच आहे. मालवण-कारवारची मासळी आजही आपल्या बाजारात उतरते. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड ओतणारे, यंत्रे घडविणारे कुशल हात आहेत. किनाऱ्याला काजू फोडण्याची, रस काढण्याची, मासळी टिकविण्याची लहान यंत्रे हवी आहेत. हे हात आणि ती गरज यांच्यामध्ये एका घाटाचेच अंतर आहे. ते तोडण्यास कोणत्या सरकारच्या परवानगीची वाट पाहावयाची?

आणि सणापुरते गावी जाणाऱ्या कोकणी बंधूंना आमचे हात जोडून सांगणे आहे. तुमच्या पूर्वजांनी परमुलखात मेखा ठोकल्या आणि शहरे वसविली. यंदा गौरी-गणपतीस जाल तेव्हा, परतताना कुलूप लावण्याआधी, घटकाभर भावकी एकत्र बसवा. सातबारा मध्ये ठेवा आणि एकच विचारा : हे दार उघडे ठेवावयास कोण राहील, आणि त्याला आपण काय देऊ? सहीसाठी दलाल येण्याआधी ही बैठक झाली पाहिजे.